गाळातलं बेअरिंग

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, यंत्र अभियांत्रिकीचे विभागप्रमुख आणि संशोधन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत पस्तीस वर्षं टूल डिझाईनचं काम केलं. ड्रिलिंगचे जिग, मिलिंगची फिक्स्चर्स, प्रेस टूल्स, म्हणजे यंत्रावर सुटा भाग जागच्या जागी धरणारी आणि पत्रा कापणारी साधनं. आधी ड्रॉईंग बोर्डवर, नंतर कॉम्प्युटरवर. निवृत्तीनंतर तुमच्यापैकी काहींच्या बोलावण्यावरून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची बाह्य परीक्षक म्हणून येते. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडायची आणि ऐरोली, रबाळे, घणसोली करत तुमच्या दारात पोचायचं, हा आता माझा दर एप्रिल-मेचा क्रम झाला आहे. तुमची मुलं मला आवडतात, तुमचे शिक्षकही आवडतात, त्यामुळे हे पत्र तक्रार अर्जासारखं वाचू नये अशी विनंती आहे. पण यंदा एका व्हायव्हाहून, म्हणजे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेहून, घरी आले आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मुलांच्या प्रोजेक्टचे गुण आणि त्यांच्या शिक्षकांची बढती आपण कशावरून ठरवतो, याबद्दल तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

नालेसफाईचं यंत्र तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दरवर्षी एखादा तरी गट ते बनवतोच. अँगलची चौकट, वर गाडीच्या वायपरची बारा व्होल्टची मोटर, दोन्ही बाजूंना स्प्रॉकेट आणि चेन, चेनवर जाळीचे डबे. डबे पाण्यातला कचरा उचलणार आणि मागच्या पेटीत टाकणार. पहिल्यांदा हे यंत्र पाहिलं तेव्हा मी मुलांना विचारलं, "खालच्या शाफ्टचं बेअरिंग असं उघडं का ठेवलंय? ते तर कायम गाळात बुडलेलं राहणार. आठवड्यात जाम होईल." मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मी सूचना लिहून दिली. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका महाविद्यालयात तेच यंत्र, बेअरिंग उघडं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यावर सोलर पॅनेल आलं. त्यानंतर मोबाईलवरून चालू-बंद करायची सोय आली. चौकटीचा रंग बदलत गेला, अहवालाचं शीर्षक लांबत गेलं, बेअरिंग तसंच गाळात उघडं राहिलं.

मुलं आळशी आहेत, कॉपी करतात, असं म्हणून हा विषय मिटवता येतो. मला ते पटत नाही, आणि न पटण्याला एक भक्कम कारण आहे.

१९९१ साली अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एक यंत्र अभियंता, दुसरा मानसशास्त्रज्ञ. त्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना साधीच कामं दिली होती. गाडीवर सायकली अडकवायचा स्टँड, अंध माणसाला वापरता येईल असं मापाचं भांडं, न सांडणारा कॉफीचा कप. काहींना नुसतं काम सांगितलं आणि काहींना कामासोबत एक नमुनाही दाखवला. नमुन्यात दोष होते. कपाच्या नमुन्याला प्यायची नळी होती, आणि नळी वापरायची नाही असं स्पष्ट बजावलेलंही होतं. तरीसुद्धा नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत नळ्या आल्या. भांड्याच्या नमुन्यातले दोष त्यांच्या भांड्यांत उतरले. पुढे नोकरी करणाऱ्या अनुभवी अभियंत्यांवर त्यांनी असाच प्रयोग केला, तिथेही तेच. या अडकण्याला त्यांनी डिझाईन फिक्सेशन असं नाव दिलं.

मी तो निबंध वाचला आणि माझ्या डोळ्यांसमोर ते बेअरिंग आलं. प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात आपण मुलांच्या हातात काय देतो? गेल्या वर्षीचा अहवाल. "असा असतो प्रोजेक्ट, बघून घ्या." नमुना आपणच दाखवतो, दोषासकट. मग दोष उतरला की मुलांवर चिडतो.

आता यंदाच्या त्या व्हायव्हाबद्दल. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, आणि त्यांच्या मार्गदर्शक बाईंची ओळख पटेल असंही काही लिहीत नाही. त्यांनी मला तसं करायला सांगितलेलं नाही, पण लिहिणं माझं आहे, त्याची झळ त्यांना लागू नये.

चार मुलांचा गट होता, विषय नालेसफाईच. बाईंनी पहिले तीन आठवडे त्यांना जुना अहवाल दिसूही दिला नव्हता. त्याऐवजी ती चौघं दोन दिवस सकाळी सातला रस्त्याकडेच्या गटारापाशी जाऊन उभी राहिली, जिथे सफाई कामगार काम करत होते. पहिल्या दिवशी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका मुलीने विचारलं, "दादा, यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" त्यांचं उत्तर मुलीने वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं: "कचरा उचलायचा त्रास नाय. दाताळ्यात पिशव्या अडकतात, त्या हातानं सोडवाव्या लागतात. त्यात काचा असतात."

त्या उत्तराने प्रोजेक्ट बदलला. मोटर, चेन, डबे सगळं बाजूला राहिलं. दाताळंच नीट करायचं ठरलं.

व्हायव्हाच्या टेबलावर ते आडवं ठेवलेलं होतं. एक इंची पाईपचा लांब दांडा, पुढे आठ मिलिमीटर गजाचे सात दाते. दात्यांवर एक पट्टी, पट्टीला सात भोकं, प्रत्येक भोकातून एक दाता आरपार गेलेला. दांड्याच्या आतून एक बारीक गज हाताशी आणलेला होता आणि पुढच्या टोकाला एल आकाराचा लिव्हर. वरून गज ओढला की पट्टी दात्यांच्या मुळापासून टोकाकडे सरकते आणि अडकलेल्या पिशव्या ढकलून खाली पाडते. हात लावायची गरजच नाही. मी गज ओढला, पट्टी सरकली, पुन्हा ओढला. माझं आयुष्य प्रेस टूलमध्ये गेलं आहे. पंचवर अडकून बसलेला पत्रा सोडवायला आम्ही स्ट्रिपर प्लेट वापरतो, हे हुबेहूब तेच तत्त्व होतं. मुलांना विचारलं, प्रेस टूल कधी पाहिलंय का? चौघांपैकी कोणीही पाहिलं नव्हतं. त्या सफाई कामगाराच्या एका वाक्यापासून निघून ती स्वतःच्या पायांनी तिथवर आली होती.

मग मी वही मागितली. पिशव्या सोडवायच्या नऊ तऱ्हा त्यात काढलेल्या होत्या. एका ठिकाणी गजाऐवजी सायकलच्या ब्रेकची केबल होती, शेजारी लिहिलेलं: "केबल गंजेल, कव्हरमध्ये गाळ जाईल. रद्द." एका ठिकाणी दाते स्वतःच आत ओढून घ्यायचे, शेजारी: "दाते वाकले तर आत जाणार नाहीत." आणखी एका पानावर पाण्याच्या फवाऱ्याने पिशवी सुटेल का, हे करून पाहिल्याची नोंद, तारखेसकट. मी पट्टीच्या भोकांकडे बोट दाखवून विचारलं, "दात्यापेक्षा एवढी मोठी का?" एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आधी अर्धा मिलिमीटर गॅप ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी गाळ भरला आणि पट्टी अडकली. मग दीड केला." पस्तीस वर्षांत मी कितीतरी नव्या डिझायनरना क्लिअरन्स, म्हणजे दोन भागांमध्ये ठेवायची फट, शिकवला असेल. गाळाने शिकवलेला असा कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

त्या कामगार दादांनी ते दाताळं आठ दिवस वापरलं आणि आणखी एक मिळेल का विचारलं.

गुणपत्रकात मात्र यातलं काहीच लिहायला जागा नव्हती. "पेपर प्रकाशन व स्पर्धेतील सहभाग" याला दहा गुण होते. "नावीन्य" असा एक रकाना होता, त्यावर प्रश्न आला की यात सेन्सर कुठे आहे, ऑटोमेशन कुठे आहे, याचा पेपर कुठल्या जर्नलमध्ये जाणार. त्याच दिवशी दुसऱ्या गटाने मोबाईलवरून चालणारं नालेसफाईचं यंत्र आणलं होतं, उघड्या बेअरिंगसह. त्यांचा पेपर छापून आला होता. दोन्ही गटांच्या गुणांत फार अंतर पडलं नाही, पण पुढे कोण होतं ते तुम्ही ओळखलं असेल. त्या पत्रकावर माझीही सही आहे. माझ्या हातात होते तेवढे गुण मी दिले. वही उघडून दाखवली, वाद घातला. पत्रकाच्या बाहेर जाऊन गुण देता येत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. म्हणूनच पत्रक बदलायला हवं.

यापेक्षा मोठी गोष्ट त्या बाईंची आहे. विद्यार्थ्यांना नमुना दाखवला तर काय होतं, उशिरा दाखवला तर काय होतं, शब्दांत सांगितला आणि चित्रात दाखवला यांत काय फरक पडतो, याचा त्या कित्येक वर्षं वर्गात अभ्यास करत आहेत. त्यांच्या कपाटात मुलांच्या चित्रांच्या वह्या बॅचवार बांधून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. बढतीच्या वेळी समितीसमोर त्यांची फाईल गेली तेव्हा त्यांना विचारलं गेलं: पेपर किती, सायटेशन किती, म्हणजे इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा घेतला, आणि या दोन्हींतून निघणारा एच-इंडेक्स किती. आकडे पुरेसे नव्हते. वह्यांबद्दल कोणी विचारलं नाही, त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज काय करतात हेही नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या. मला मात्र राहवलं नाही.

कारण डिझाईनमधल्या संशोधनाचा परिणाम कसा पसरतो ते मी वागळे इस्टेटमध्ये स्वतः पाहिलं आहे, आणि तो सायटेशनच्या वाटेने पसरत नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या एका ग्राहक कंपनीने त्यांचा माणूस पाठवला होता, आम्हा पुरवठादारांना शिकवायला. टूलरूमच्या काळ्या फळ्यावर त्याने एक तक्ता काढला. वरच्या ओळीत आमच्या फिक्स्चरच्या चार कल्पना, डावीकडे निकष. एक नेहमीचं फिक्स्चर मोजपट्टी म्हणून धरायचं आणि बाकीची प्रत्येक निकषावर त्याच्याशी ताडून बघायची: सरस असेल तर अधिक, कमी असेल तर उणे, सारखंच असेल तर "सेम"चा एस. फ्लँजची सहा भोकं पाडायचं काम होतं आणि माझ्या मनात माझी कल्पना आधीच पक्की होती. तेवढ्यात ड्रिलवरचा आमचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, हा क्लॅम्प खोलायला दोन हात लागतात, मग जॉब धरू कशानं?" निकषांत एक ओळ वाढली. माझ्या कल्पनेसमोर उणे पडलं. चिप्स, म्हणजे धातूचा कीस, बाहेर पडायला वाट नाही, आणखी एक उणे. पण त्या तक्त्याचा खरा उपयोग पुढे आहे. उण्यांकडे बघत बसलं की तिसऱ्या कल्पनेतला क्लॅम्प आणि पहिलीतला लोकेटर, म्हणजे भाग नेमक्या जागी बसवणारा आधार, एकत्र करायचं सुचतं. तसंच झालं. त्या दुपारी जे फिक्स्चर ठरलं ते चार कल्पनांपैकी कुठलंच नव्हतं, आणि ते कित्येक वर्षं चाललं.

तो तक्ता आम्ही पुढे प्रत्येक टूलसाठी वापरला. आमच्याकडून सुटून दुसरीकडे गेलेली मुलं तो घेऊन गेली. आमच्या शॉपमध्ये त्याला "अधिक-उणेचा फळा" म्हणायचे. निवृत्तीनंतर, तुमच्या विद्यार्थ्यांसाठी वाचताना, मला कळलं की हा तक्ता स्टुअर्ट प्यू यांचा. प्यू आधी उद्योगात काम केलेले ब्रिटिश अभियंते, मग प्राध्यापक, शेवटी ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात. १९९३ साली ते गेले. म्हणजे आमच्या फळ्यावर ती अधिक-उणे चिन्हं पडत होती त्या काळात कधीतरी ते वारले आणि आम्हाला त्यांचं नावही माहीत नव्हतं. वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही ड्रॉईंगवर प्यू यांचा संदर्भ नाही. कुठल्याही मोजदादीत आमचं ते फिक्स्चर त्यांच्या खात्यावर जमा होणार नाही. डिझाईनच्या पद्धतीचं हेच होतं. ती जितकी उपयोगी ठरते तितकी लवकर लोकांच्या हातात मुरते, आणि जितकी मुरते तितकं तिच्या कर्त्याचं नाव पुसलं जातं. आज तिथली कित्येक शेड्स जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, पण जी वर्कशॉप्स चालू आहेत त्यांतल्या काहींच्या फळ्यावर तो तक्ता मी अजून पाहते.

मग असं काम मोजायचंच नाही का? मोजायचं, आणि कसं मोजायचं यावर याच विषयातल्या अभ्यासकांनी आयुष्य घातलं आहे. त्यातलं एक नाव आपल्याच देशातलं आहे, आणि तुमच्या ग्रंथालयांत ते पोचलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक अमरेश चक्रबर्ती. अभियंत्याला कल्पना कशी सुचते, ती नवी आहे हे कशावरून ठरवायचं, सुचण्याला मदत करणारी साधनं बनवता येतील का, हा त्यांचा ध्यास. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला सॅफायर नावाचा नमुना एखादी रचना काम कशी करते ते सात पदरांत उलगडून दाखवतो: तिचे भाग, त्यांना लागणारी परिस्थिती, आत घडणारी भौतिक घटना, तिचे परिणाम, असं करत करत. तो हातात असला की दोन यंत्रं नुसती दिसायला वेगळी आहेत की मुळातच वेगळी आहेत हे सांगता येतं. सोलर पॅनेल लावलेलं नालेसफाईचं यंत्र आणि मोबाईलवर चालणारं यंत्र यांत डबे कचरा उचलतात ते एकाच तऱ्हेने, हे तिथे लगेच उघडं पडतं.

२०११ साली प्रबीर सरकार आणि चक्रबर्ती यांनी डिझाईनमधली सर्जनशीलता मोजायची पद्धत मांडली. तिला दोन पाय आहेत, नावीन्य आणि उपयुक्तता. उपयुक्तता ठरवताना त्यांनी विचारलेले प्रश्न अगदी जमिनीवरचे आहेत. ती वस्तू किती गरजेची आहे? किती लोक वापरतात? किती वेळा, किती वेळ? हे प्रश्न त्या दाताळ्याला लावून बघा. काचांनी हात कापू नयेत ही गरज किती मोठी आहे? ते किती जण वापरू शकतील? रोज सकाळी किती तास? तुमच्या पत्रकात "नावीन्य" आहे, पण या दुसऱ्या पायाला जागाच नाही. आणि नावीन्याचा अर्थही सेन्सर असा लावला जातो.

याच चक्रबर्तींनी लुसिएन ब्लेसिंग यांच्याबरोबर डिझाईनमधलं संशोधन कसं करावं याची एक शिस्त मांडली, २००९ साली ती ग्रंथरूपाने आली. मला त्यातली पहिली पायरी सगळ्यात मोलाची वाटते. संशोधनाला हात घालण्याआधी लिहून काढायचं, की या संशोधनामुळे नेमकं काय बदललेलं मला पाहायचं आहे आणि ते बदललं हे मी कशावरून ओळखेन. मग आहे ती परिस्थिती अभ्यासायची, मग उपाय तयार करायचा, आणि मग पुन्हा जाऊन बघायचं की बदललं का. डिझाईनच्या संशोधनाची एक मोठी उणीव त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे: त्याचे निष्कर्ष प्रत्यक्ष कामात वापरलेच जात नाहीत. या विषयाचे जाणकार स्वतःच्या विषयाला विचारतात तो प्रश्न असा आहे. तुमच्या समितीत मात्र याच विषयातल्या माणसाला विचारला जातो तो एच-इंडेक्स.

एच-इंडेक्सवर माझा राग नाही. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ साली सुचवला. वीस निबंध असे, की प्रत्येकाचा किमान वीस वेळा संदर्भ घेतला गेला, तर इंडेक्स वीस. सोपं आहे, पटकन काढता येतं. पण टूलरूममधल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. भोक तपासायला आपण प्लग गेज वापरतो. एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. झालं, भोक पास. ते गेज अचूक असतं, खोटं बोलत नाही. पण ते फक्त व्यास सांगतं. भोक चुकीच्या जागी पडलेलं असेल तरी ते गेज पासच म्हणणार, आणि असेंब्लीत बोल्ट बसणार नाही. जागा तपासायला वेगळं गेज लागतं. तुमच्याकडे व्यासाचं गेज आहे आणि तुम्ही त्याच्यावर जागेचा निकाल लावता आहात.

हे एकट्या माझं मत नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी जो जाहीरनामा केला त्यात स्वच्छ म्हटलं आहे की नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यावरून, एखाद्या संशोधकाचं काम जोखू नये. त्यातच आठवण करून दिली आहे की तो आकडा मुळात ग्रंथपालांना कुठली नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला मदत म्हणून निघाला होता. संशोधनाचं मोजमाप कसं करावं यावरच्या २०१५ सालच्या लायडन जाहीरनाम्याचं पहिलंच तत्त्व आहे की आकड्यांनी जाणकारांच्या निर्णयाला आधार द्यावा. निर्णय जाणकारांनीच घ्यायचा आहे.

तुमची अडचण मला कळते. एका विभागप्रमुखांनी मला समजावून सांगितलं होतं, "मॅडम, आकडा नसला की वशिला शिरतो." खरं आहे. वशिल्याने बढती मिळालेली माणसं मीही कारखान्यात पाहिली आहेत आणि त्यांच्या हाताखाली कामही केलं आहे. शिवाय रँकिंग, मान्यता, वरून येणारे तक्ते, हे सगळं तुमच्या डोक्यावर आहे, ते तुम्ही एका दिवसात उतरवू शकत नाही. ते तक्ते भरायला माझी हरकत नाही. पण प्रोजेक्टचं अंतर्गत पत्रक तुम्ही छापता. बढतीच्या फाईलला जास्तीचं एक परिशिष्ट जोडायला कोणाची मनाई असेल असं मला वाटत नाही. तेवढ्या जागेत बरंच करता येईल.

प्रोजेक्टच्या पत्रकात पर्यायांच्या वहीला गुण ठेवा, निदान पेपरला आहेत तेवढे. इथे एक सावधगिरी मात्र हवी. नुसती पर्यायांची संख्या मोजलीत तर मुलं दहा चित्रं काढून देतील आणि दहाही एकाच मशीनची असतील, रंग बदललेली. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातले जामी शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली यावर तोडगा काढला होता. त्यांनी संख्या आणि विविधता वेगवेगळी मोजली. दोन कल्पनांत भौतिक तत्त्वच वेगळं असेल तर वजन दहा, तत्त्व तेच पण काम करायची तऱ्हा वेगळी असेल तर सहा, मांडणी वेगळी असेल तर तीन, आणि बारीकसारीक तपशील वेगळा असेल तर एक. त्या दाताळ्याच्या वहीतला पाण्याचा फवारा आणि सरकती पट्टी यांना दहा मिळाले असते, केबल आणि गज यांना फार तर तीन. हे कोणत्याही शिक्षकाला अर्ध्या तासात शिकता येईल. यात आकडाही आहे, त्यामुळे वशिल्याची भीती कमी. आणि प्रत्येक पर्याय का सोडला याची एक ओळ शेजारी हवी. मी परीक्षक म्हणून सगळ्यात आधी तीच ओळ वाचते.

जुने अहवाल पहिले तीन-चार आठवडे देऊ नका. मग जरूर द्या, इतरांनी काय केलं ते न बघता काम करणं हाही मूर्खपणाच आहे. पण आधी मुलांची स्वतःची चित्रं कागदावर येऊ द्या. आणि ती काढायला बसवताना सगळ्यांना एकदम बोलायला लावू नका. "ब्रेनस्टॉर्मिंग करा" म्हणून गोलात बसवलं की दोन मुलं बोलतात आणि बाकीची माना डोलावतात. गटात बोलत बसलेल्यांपेक्षा तितकीच माणसं वेगवेगळी बसून जास्त कल्पना काढतात हे १९८७ साली डीहल आणि श्ट्रोब यांनी दाखवून दिलं आहे. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि तेवढ्यात सुचलेलं निसटतं, हे त्यांनी त्याचं मुख्य कारण सांगितलं. मी मुलांना सहा-सहाच्या गटात गप्प बसवते. पाच मिनिटांत तीन चित्रं, मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, त्यावर पुढचा तीन काढणार. ही युक्ती मूळची जर्मनीतली, साठच्या दशकातली. अर्ध्या तासात सहा कागद भरतात. कधीच तोंड न उघडणाऱ्या मुलांच्या कल्पना त्यात दिसतात, आणि ती मुलं मान वर करून बघायला लागतात. तो क्षण बघायला मी कितीही लांब येईन.

बढतीच्या फाईलमध्ये दोन पानं जोडायला सांगा. या संशोधनातून मला काय बदलायचं होतं, त्याआधी परिस्थिती काय होती, मी काय केलं, नंतर काय बदललं, आणि ते कोण वापरतं आहे. वापरणाऱ्याचं नाव आणि त्याला भेटायची सोय. तो वापरणारा दुसऱ्या महाविद्यालयातला शिक्षक असेल, रबाळ्याच्या एमआयडीसीतला वर्कशॉप मालक असेल किंवा महापालिकेचा सफाई कामगार असेल. समितीतल्या एकाने, बाहेरचं एक माणूस सोबत घेऊन, तिथे प्रत्यक्ष जाऊन बघायचं. एक सकाळ जाईल. वीस वर्षांच्या नोकरीचा निकाल लावायला एक सकाळ जास्त नाही.

बाहेरचं माणूस कोण, हा प्रश्न येईल. आम्ही आहोत. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातून निवृत्त झालेल्या टूल डिझायनर, मेंटेनन्स आणि क्वालिटीच्या माणसांशी मी बोलले आहे. पाच जण तयार आहेत. मानधन नको, आधी कळवा एवढंच. पाचांत आपापल्या कामाचे जाणकार आहेत आणि यांतल्या कोणाचाही तुमच्या बढत्यांशी संबंध नाही.

नवं सत्र सुरू झालं की तुम्ही प्रोजेक्टचे गट पाडाल, विषय मागवाल. त्याआधी हे झालं तर यंदाच्याच बॅचला उपयोग होईल. पत्रकाचा एक नमुना आणि ती दोन पानं मी मराठीत आणि इंग्रजीत तयार करून ठेवली आहेत, ज्यांना हवी असतील त्यांच्या विभागात आणून देईन. त्या मुलांनी केलेलं दुसरं दाताळंही मी सोबत आणेन. ते सध्या आमच्या गॅलरीत आहे. पहिलं अजून त्या दादांकडेच आहे, वापरात.

आपली,
वागळे इस्टेटमधील एक निवृत्त टूल डिझायनर
ठाणे